कुनाला इचारायचं ऱ्हायलं?

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवशी नाना विरकरांनी तो ट्रकमधून उतरवूच दिला नाही. हमाल दोर घेऊन उभे, मुंबईहून आलेले इंजिनिअर प्रधानसाहेब घड्याळ बघतायत आणि नाना ट्रकच्या फाळक्यापुढं दोन्ही हात पसरून उभे. "थांबा. भाकरतुकडा याचाय."

मग कँटीनमधून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आलं. नानांनी ट्रकवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, ड्रायव्हरच्या डोळ्यांना पाणी लावलं, टायरवर उरलेलं पाणी ओतलं आणि मगच बाजूला झाले. "हां. आता उतरवा लेकीला. दमानं रं, माप वलांडून आनल्यागत आना."

प्रधानसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रकच्या टायरकडं बघितलं. त्या क्षणी ओळख दाखवावी असं नाना काही दिसत नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. आमचा साखर कारखाना कराडच्या खाली, सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठी. मी सातारचा, बी.एस्सी. झालेला, पुण्यात जाऊन कॉम्प्युटरचा एक छोटा कोर्स करून आलेला. तेवढ्या भांडवलावर मी त्या भागातला तज्ज्ञ ठरलो होतो. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा चारपाच लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी केल्यासारखा प्रकार. जाड कागदाच्या कार्डांना पंचिंग मशीनवर भोकं पाडायची, ती कार्डं कॉम्प्युटरच्या तोंडाशी द्यायची, ती त्यानं फडफड करत गिळायची आणि दुसऱ्या टोकाला कागदावर उत्तर छापून द्यायचं. याला थंड खोली लागायची आणि धूळ अजिबात चालायची नाही. साखर कारखान्यात धूळ नको म्हणणं म्हणजे बाजारात गोंगाट नको म्हणण्यातलाच प्रकार, पण आमच्या चेअरमननी ते मनावर घेतलं होतं.

चेअरमन धोतर-टोपीतले, कमी बोलणारे. त्यांना हे यंत्र हवं होतं ते ऊसतोडीच्या क्रमासाठी. कुणाचा ऊस आधी तोडायचा यावरून दर हंगामात आमच्याकडं भावकी फुटायची. लागण आधीची तर तोड आधी, असा नियम होता, पण नियमाला वाटेत मेहुणे, व्याही आणि पाहुणे भेटत. यंत्राला मेहुणे नसतात, एवढाच चेअरमनचा मुद्दा होता.

आणि असं काम त्यांनी दिलं कुणाकडं? नानांकडं. नाना होते कामगार कल्याण खात्यात. त्या खात्यानं कामगारांचं काय कल्याण करायचं हे कागदावर असेल ते असो, नानांनी त्याचा एकच अर्थ लावला होता. लग्नं जमवायची आणि पार पाडायची. वॉचमनच्या मुलीपासून चीफ केमिस्टच्या भाच्यापर्यंत कॉलनीतली निम्मी लग्नं त्यांनी उभी केली होती. संचालकांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, नानाला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय? चेअरमन म्हणाले, "मशीन परधानसाहेब आनतील. मानसं कोन आननार?"

नाना मूळचे म्हसवडचे. उंच, वाळके, डोक्याला तांबडा फेटा आणि अंगात बाराही महिने पलटणीतला खाकी कोट. पलटण सुटून पेन्शन लागली तरी कोट काही त्यांना सोडत नव्हता. त्या कोटाच्या खिशांत सुपारी, सुतळी, टाचण्या, हळदीची पुडी, कुणाच्या तरी लग्नातून उरलेल्या अक्षता, असा सगळा संसार असायचा. त्यांच्या दृष्टीनं जगातलं प्रत्येक काम हे लग्न होतं. नवा पंप बसवायचा ठरला की सुपारी फुटली. चाचणी घेतली की केळवण झालं. एखाद्या खात्यानं काम अडवलं की वरमाय रुसली. आणि कुठलीही बैठक संपली, लोक खुर्च्या सरकवायला लागले, की नाना हात वर करत. "बसा. कुनाला इचारायचं ऱ्हायलं?"

हे नुसतं विचारण्यापुरतं नसे. उत्तर मिळेपर्यंत ते उठत नसत आणि दारापाशीच बसलेले असल्यामुळं दुसऱ्यालाही उठता येत नसे. मग लोक सुटका व्हावी म्हणून कुणाचं तरी नाव घेत. कँटीनवाल्याला विचारायचं राहिलं. वायरमनला विचारायचं राहिलं. नाना दुसऱ्या दिवशी खरोखर जाऊन विचारून येत.

ट्रक यायच्या बऱ्याच आधी, आल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रधानसाहेबांनी भिंतीवर एक लांबलचक कागद लावला. त्यावर रंगीत पट्ट्या. निळी पट्टी खोली बांधायची, हिरवी विजेची, लाल पट्टी कार्डं पंच करायची, पिवळी चाचणीची. एक पट्टी संपली की दुसरी सुरू. मुंबईत आणि परदेशात असंच काम चालतं, असं त्यांनी सांगितलं. नाना कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"लय झ्याक काडलंय सायेब. पर ह्यात रुसवा कुटं हाय?"

"रुसवा?"

"आवं, कोन ना कोन रुसनार. त्येला जागा ठेवा की. न्हाईतर हिरव्या पट्टीत रुसला तर तुमची लाल पट्टी जाऊन पडंल दिवाळीच्या पल्याड."

प्रधानसाहेब हसले. माणूस चांगला होता, पण त्याच्या शिक्षणात रुसवा नव्हता. नानांनी मात्र कोटाच्या खिशातून काळी पेन्सिल काढली आणि प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये एकेक रेघ ओढली. पुढं पुण्यामुंबईत मी अशी बरीच कामं पाहिली, चालवलीही. मोठमोठ्या कंपन्यांचे रंगीत तक्ते पाहिले. त्यांतली जी कामं वेळेवर पार पडली ती सगळी अशाच काळ्या रेघांवर तरली, हे मी शपथेवर सांगतो. आजही नव्या मुलांना हा विषय शिकवायला मला बोलावतात तेव्हा मी पहिल्या तासाला रुसवाच शिकवतो आणि मुलांना वाटतं म्हातारा विनोद करतोय.

नाना सगळ्यात आधी विचारायला गेले ते पंचिंगच्या मुलींना. कार्डांना भोकं पाडायला कराडच्या आसपासच्या पाचसहा शिकलेल्या मुली हंगामी म्हणून घेतल्या होत्या. अजून खोलीचा पाया भरत होता आणि नाना त्यांच्यापुढं जाऊन उभे. "पोरींनो, ही खोली गारढोन ऱ्हानार म्हनत्यात. दिसभर बसायला चालंल का तुमाला? न्हाई चालत आसंल तर आत्ताच सांगा. मग मी चेरमनला बगतो."

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना आजवर चालेल का असं कुणी विचारलंच नसावं. शेवटी शैला नावाची एक मुलगी बोलली. ती मेढ्याची, कराडला आत्याकडं राहणारी. "चालेल, पण शाल लागेल. आणि आमची मशीनं खिडकीकडं तोंड करून ठेवा. भिंतीकडं बघून कंटाळा येतो."

नानांनी त्याच दिवशी स्टोअरमधून लोकरी शाली मंजूर करून घेतल्या आणि गवंड्याला खिडकीची जागा बदलायला लावली. प्रधानसाहेब वैतागले. टायपिस्ट मुलींना विचारून इमारती बांधायला लागलो तर झालंच, म्हणाले. नाना म्हणाले, "सायेब, नांदायचं त्येंनाच हाय."

अपेक्षेप्रमाणं रुसवा आलाच, आणि तो थोरात तात्यांचा आला. थोरात तात्या म्हणजे ऊसनोंदणीचे हेडक्लार्क. मिशा पांढऱ्या, आवाज पहाडी. तोडीचा क्रम आजवर तेच लावत. ते बाजारात निघाले की दोन्ही बाजूंनी रामराम झडत, चहावाला न सांगता चहा पाठवी. आता ते काम यंत्राकडं जाणार म्हटल्यावर तात्यांनी बोलणं टाकलं. नोंदणीचे कागद पंचिंगला द्यायचे होते ते द्यायलाच तयार होईनात. आज कपाटाची किल्ली हरवली, उद्या पाठ धरली. कागद नाहीत तर कार्डं नाहीत, आणि कार्डं नाहीत तर ते सगळं यंत्र म्हणजे नुसती गार कपाटं.

इथं चेअरमननी एक अट घातली, संचालकांना गप्प करायला ती घालावीच लागली. गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकून हंगाम सुरू होतो, त्या दिवशी यंत्रानं पहिल्या तोडीचा क्रम सगळ्यांदेखत छापून दाखवायचा. नाही छापला तर यंत्र परत, आणि त्याच्यासाठी घेतलेली माणसंही परत. त्या माणसांत मुली होत्या आणि मीही होतो. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई चाललं तर माझाबी राजीनामा घ्या. मशीनसंगट मलाबी त्याच ट्रकात घाला." नानांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. एकटा जीव. कारखाना सोडून त्यांनी कुठं जायचं, हा प्रश्नच होता.

नाना नारळ घेऊन तात्यांच्या घरी गेले, मलाही नेलं. तात्यांनी पाट दिला, चहा दिला, पण मान काही वळवली नाही.

"तात्या, तुमाला काय पायजे?"

"मला काय नको."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, त्यांना काही नको म्हणतात. नाना म्हणाले, "काय नको म्हंजी लय पायजे. तोंडानं मागाय लाज वाटतीया. उद्या परत याचं."

आम्ही परत गेलो. पुन्हा गेलो. तात्यांच्या घरचा चहा मला पाठ झाला. शेवटी एका संध्याकाळी तात्या एकदम बोलले आणि पहाडी आवाज पार खाली आला. "नाना, उद्या गावोगावचा शेतकरी येनार आन् त्या कपाटाला इचारनार, माझी तोड कवा. मग माझ्याकडं कशाला यील कोन?"

नानांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बराबर हाय. मीबी रुसलो आसतो."

त्यातून निघाली ती खिडकी. यंत्राच्या खोलीला बाहेरच्या अंगाला एक खिडकी पाडली, आत तात्यांची खुर्ची टाकली. यंत्र क्रम छापेल, पण शेतकऱ्यानं विचारायचं ते खिडकीत तात्यांना, आणि सांगायचं ते तात्यांनीच. शिवाय मोळीच्या दिवशी यंत्राचं बटण दाबायचा मान तात्यांचा. कपाटाची किल्ली लगेच सापडली. दुसऱ्या दिवसापासून तात्या गार खोलीत कानटोपी, मफलर आणि वर घोंगडं घेऊन बसायला लागले. बाहेर ऊन रणरणतंय आणि खिडकीत माकडटोपीतले तात्या, असा देखावा बघायला शेजारच्या गावांतून माणसं यायची. येताना रामरामही घालायची. तात्यांची सर्दी हंगामभर गेली नाही आणि तब्येत मात्र सुधारत गेली.

मोळीचा दिवस उजाडला. गव्हाणपूजा झाली, मोळी पडली, भोंगा झाला आणि सगळा लवाजमा यंत्राच्या खोलीकडं निघाला. नाना दारात उभे. प्रधानसाहेबांनी बजावलं होतं, कणभरसुद्धा काही आत जाता कामा नये. नाना एकेकाला अडवत होते. नारळ बाहेर फोडा. उदबत्ती बाहेर लावा. हळदकुंकू चौकटीला वाहा, मशीनला न्हाई. व्हाइस चेअरमनच्या मुठी उघडून बघितल्या. भटजींचं ताम्हन काढून घेतलं. कोट तेवढा कुणी तपासला नाही, कारण तो तपासणाऱ्याच्याच अंगात होता.

सगळे पायमोज्यांवर आत उभे राहिले. तात्यांनी टोपी सरळ केली, मिशा सारख्या केल्या आणि बटण दाबलं. दिवे लागले. कार्डं फडफडत आत जायला लागली. छापणाऱ्या यंत्रानं घरघर केली आणि कागदावर पहिल्या गावाचं नाव उमटलं. कुणीतरी "वा!" म्हणालं. मी नानांकडं बघितलं तर त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि बाहेर आला, आणि काय होतंय हे कुणाला कळायच्या आत नानांनी कॉम्प्युटरवर मूठभर अक्षता टाकल्या.

कार्डं गिळायच्या तोंडातून आधी खर्रर्र असा आवाज आला. मग कचकच. मग एक कार्ड दुमडून आत गेलं, त्याच्यामागं पाचदहा चुरगळली आणि यंत्र बंद पडलं. प्रधानसाहेब मटकन खाली बसले. चेअरमननी नानांकडं बघितलं, आणि नाना आपल्या रिकाम्या तळहाताकडं बघत होते. अख्ख्या कारखान्याला शिस्त लावून शेवटी स्वतःच्याच हातानं, तेही स्वतःच्या नोकरीवर, अक्षता टाकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग सगळ्यांचं लक्ष तात्यांकडं गेलं. यंत्र पडलं की क्रम पुन्हा तात्यांच्या हातात, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. एक संचालक तर म्हणालाही, "तात्या, काडा आता तुमचं जुनं दप्तर."

तात्यांनी माकडटोपी काढली. घोंगडं बाजूला टाकलं. बाह्या वर केल्या.

"दप्तर ऱ्हाऊ द्या. मशीन म्या चालू केलंय. माझ्या मानाला आसं आर्ध्यात बंद पडाय लावू व्हय? परधानसायेब, उठा, ह्येचं झाकान काडा. पोरींनो, ताट आना कँटीनमदनं. तांदूळ निवडायचं हायती."

पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. प्रधानसाहेबांनी स्क्रू काढले. नोंदणी खात्याचे कारकून, पंचिंगच्या मुली, स्वतः तात्या आणि मी, सगळे त्या यंत्राच्या तोंडाभोवती गुडघे टेकून बसलो आणि चाकांच्या दात्यांमधून, पट्ट्यांखालून एकेक हळदीचा तांदूळ वेचायला लागलो. ज्या कारकुनांनी आजवर पंचिंगच्या मुलींना साधा पत्ताही नीट सांगितला नव्हता, ते आता "ताई, त्या चाकामागं बघा" म्हणत होते. बोटं जात नव्हती तिथं शैलानं केसातली पिन काढून घातली. नाना दाराबाहेर पायरीवर बसले होते. त्यांना कुणी काही बोललं नाही आणि तेही आत आले नाहीत. चेअरमनही बाहेर खुर्ची टाकून बसले. "निवडू द्या," म्हणाले, "दीस अजून मावाळला न्हाई."

चुरगळलेली कार्डं मुलींनी नव्यानं पंच केली. उन्हं कलली तेव्हा शैलानं पिनेच्या टोकावर शेवटचा दाणा बाहेर काढला, झाकण बसलं, आणि तात्यांनी पुन्हा एकदा, मिशा पुन्हा सारख्या करून, बटण दाबलं. क्रम छापून निघाला. पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत. तात्यांनी तो कागद खिडकीतून बाहेर धरला आणि त्यांच्या आवाजानं भोंग्याची गरज उरली नाही. कार्डांवर हळदीची बोटं मात्र हंगामभर दिसत राहिली.

चेअरमन उठले, पायरीवर नानांच्या शेजारी थांबले आणि म्हणाले, "नाना, राजीनामा न्हाई मागत. कोट तेवढा बदला." प्रधानसाहेबांनी निघताना नानांचा हात हातात घेतला. "तुमच्या काळ्या रेघेतच झालं सगळं. मी त्या दिवसाला तेवढी जागा ठेवलीच नव्हती."

पण मला एक कोडं पडलं होतं. व्हाइस चेअरमनच्या मुठी उघडणाऱ्या माणसानं हे केलंच कसं?

हंगाम संपताना एकदा नानांनी मला गाठलं. "सातारकर, त्या दिवशी समदी तांदूळ बघत हुती आन् तुमी पिन बघत हुता." मी काहीतरी पुटपुटलो. नाना म्हणाले, "बोलू नगा. आदी तिला इचारू दे."

आणि ते गेलेच. आधी तिच्या वडिलांकडं नाही, माझ्याही वडिलांकडं नाही. पंचिंगच्या खोलीबाहेर तिला बोलावून त्यांनी सरळ विचारलं. "पोरी, ह्यो सातारचा तुला चालंल का? न्हाई म्हन, मी हितंच मिटवतो. कुनाला कळायचं न्हाई." तिनं विचार करायला एक दिवस मागितला. त्या दिवशी मी लिहिलेला प्रोग्रॅम पुढं वर्षभर चुकीची उत्तरं देत होता. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चालेल, पण नोकरी सोडणार नाही. नानांनी ते मला येऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "आता तुमी सांगा, तुमाला चालंल का?"

मग आम्ही दोघं बोलणी करायला एसटीनं मेढ्याला निघालो. साताऱ्याच्या पुढं घाट-वळणं लागली, गाडी रिकामी झाली, तेव्हा मी धीर करून विचारलं. नाना, त्या अक्षता?

नाना खिडकीकडं तोंड करूनच बोलले.

"म्या पलटनीतनं सुट्टीवर आलतो. लगीन ठरल्यालं. वडूजकडची मुलगी. मामाला इचारलं, चुलत्याला इचारलं, गावच्या पाटलाला इचारलं, मानपान समदा झाला. मांडवात हुबा ऱ्हायलो, आक्षता वाटल्या, आन् ती पोरगी घरात गेली आन् आतनं कडी लावली. म्हनली, मला न्हाई करायचं. तिचा मामा दार फोडाय निगाला. म्या म्हनलं, फोडू नगा. तवा माझ्या ध्यानात आलं गड्या, समद्या गावाला इचारलं, तिला कुनी इचारलंच न्हाई. म्याबी न्हाई. ती न्हाई चुकली."

गाडी वळणावर कलली, तसा त्यांनी पुढचा दांडा धरला.

"तवापास्नं आक्षता वाटाय लागल्या की मी मांडवात थांबत न्हाई. चुलवनाकडं जातो. छातीत धडधडतं, वाटतं आता कडी लागंल. इतकी लग्नं लावली, पर आक्षता एकीवरबी न्हाई टाकली. त्या दिशी म्हनलं, मशीन हाय. ह्यी कुटं आत जाऊन कडी लावतीया? आन् हात गेला."

एवढ्या वर्षांत कॉलनीतल्या एकाही माणसाला, ज्यांच्या घरी नानांनी पंगती वाढल्या त्यांपैकी एकालाही, हा माणूस आयत्या वेळी मांडवातून जातो कुठं असं वाटलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. मेढ्याहून परतल्यावर मी ते शैलाला सांगितलं.

लग्न मेढ्याला झालं. नानांनी मानपान, जेवण, बसायची व्यवस्था सगळं असं लावलं होतं की रुसायला म्हणून आलेले माझे आत्येभाऊ हात हलवत परत गेले. थोरात तात्या माकडटोपी न घालता आले होते. अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या. भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून शैलाचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"थांबा. एकाला विचारायचं राहिलंय."

माझ्या आईचा चेहरा पांढरा पडला. भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. शैला म्हणाली, "नाना कुठायत?"

तात्या उठले आणि मांडवामागं गेले. नाना चुलवणापाशी उभे होते, भाताचं झाकण उघडून वाफ बघत. तात्यांनी त्यांना दंडाला धरून आणलं. फेटा वाफेनं ओला, हातात अजून पळी. नाना घाबरले होते, अंतरपाटाकडं बघायलाही तयार नव्हते.

"नाना," शैला म्हणाली, "तुम्ही इथं उभे राहाल का? तुम्हाला चालेल का?"

आयुष्यभर सगळ्यांना विचारत आलेल्या माणसाला आज कुणीतरी विचारत होतं. त्यांनी मान हलवली. तात्यांनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिथं अक्षता दिल्या. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पहिली ओळ संपायच्या आतच, 'सावधान' यायला अजून अवकाश असताना, नानांनी हातातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता आमच्यावर टाकून दिल्या. कधी टाकायच्या असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. भटजींनी डोळे वटारले. नाना ओशाळून रिकाम्या हाताकडं बघायला लागले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईनं आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्यांच्या तळहातावर ओतल्या, हळूच म्हणाली, "मी सांगते तेव्हा," आणि नाना मूठ घट्ट मिटून तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.